शरणागताचा हक्क आणि राज्याचे ऋण

कोल्हापूरच्या पूर्वेस, वळिवडे गावच्या शिवारात, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, म्हणजे १९४३ साली, पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार माणसांची एक वसाहत वसली आणि १९४८ पर्यंत ती तेथे नांदली. या वसाहतीत कर्ते पुरुष थोडे. स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचाच भरणा अधिक. सोव्हिएत सत्तेने १९४० आणि १९४१ या दोन सालांत पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना घरादारांतून उचलून सैबेरिया व कझाकस्तान येथे नेऊन टाकले होते. पुढे जर्मनीने रशियावर चाल केली तेव्हा लंडनस्थित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात जुलै १९४१ मध्ये तह झाला, त्या तहान्वये बंदिवासातून सुटलेल्यांपैकी पुष्कळ लोक पोलिश जनरल आन्देर्स यांच्या सैन्याच्या आसऱ्याने १९४२ मध्ये इराणात पोहोचले, आणि त्यांतले काही हजार कराचीच्या वाटेने हिंदुस्थानात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी मुलांसाठी बालाचडी येथे छावणी उघडली. कुटुंबांसाठी वळिवड्याची जागा मुक्रर झाली. रांगेने बांधलेल्या बराकी, त्यांतच शाळा, प्रार्थनामंदिर आणि दवाखाना, आणि या साऱ्याचा खर्च लंडनमधील परागंदा सरकारच्या तिजोरीतून, असा तो बंदोबस्त होता. ही वसाहत रिकामी झाल्यावर त्याच जागी फाळणीने उखडलेल्या सिंधी कुटुंबांचा संसार सुरू झाला, आणि आज गांधीनगर म्हणून जी भरभराटलेली बाजारपेठ आपण पाहतो ती तेथेच उभी राहिली.

कोल्हापूरच्या आतिथ्याचा गौरव व्हावा तितका थोडाच आहे. परंतु वळिवड्याच्या इतिहासातील जी घटका मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती या लोकांच्या आगमनाची नव्हे, तर महायुद्ध संपल्यानंतरची आहे. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्सा येथील नव्या सरकारला ती दिली, आणि एका रात्रीत या पाच हजार माणसांची स्थिती पालटली. ज्या सरकारच्या नावावर ते जगत होते ते कागदोपत्री उरले नाही. ज्या मुलुखातून त्यांना उचलून नेले होते तो बहुतेक सोव्हिएत संघराज्यात सामील झाला. आणि व्यवहारी माणसाला सहज सुचावा असा प्रश्न पुढे आला, की लढाई संपली, देश मोकळा झाला, मग आता हे लोक घरी का जात नाहीत? त्यांतील काही जण स्वेच्छेने गेले. पण ज्यांनी सैबेरियाच्या छावण्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या, त्यांना आपल्या गावावर आता कोणाचा अंमल आहे हे नीट ठाऊक होते, आणि त्यांनी परत जाण्यास नकार दिला. त्यांना आगगाडीत कोंबून जबरीने धाडण्यात आले नाही. पुढे त्यांतले बरेचसे ब्रिटन, पूर्व आफ्रिका आणि इतर देशांत गेले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १२ फेब्रुवारी १९४६ रोजी आपल्या पहिल्याच अधिवेशनात असा ठराव केला होता, की परत न जाण्यास ज्यांच्यापाशी सयुक्तिक कारण आहे त्यांना परत जाण्याची सक्ती करू नये.

याच सुमारास, याच ब्रिटिश सत्तेच्या अंमलदारांकडून, युरोपात याच्या अगदी उलट गोष्ट घडली. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे झालेल्या करारान्वये दोस्त राष्ट्रांच्या हाती लागलेले सोव्हिएत प्रजाजन मॉस्कोच्या स्वाधीन करावयाचे ठरले होते. त्याप्रमाणे लक्षावधी माणसे, त्यांची इच्छा न विचारता, परत लोटली गेली. जून १९४५ मध्ये ऑस्ट्रियातील लिएन्झजवळ कोसॅक लोकांच्या बायकामुलांसह छावणीला शिपायांनी वेढा घातला आणि त्यांना काठ्यांनी व बंदुकीच्या दस्त्यांनी हाणून वाहनांत चढविले. काहींनी द्रावा नदीत उड्या घेतल्या, काही आयांनी आपल्या मुलांसह जीव दिला. त्या छावणीत जर्मनांच्या बाजूने लढलेले लोकही होते, आणि त्यांच्या अपराधाची चौकशी व्हावयास हवी होती हे खरे. पण चौकशी ही एक गोष्ट आणि सरसकट पाठवणी ही दुसरी.

वळिवडे आणि लिएन्झ यांच्यात फरक कशाचा होता? हुकूम बजावणाऱ्यांच्या अंतःकरणात एकीकडे दया होती आणि दुसरीकडे नव्हती, असे मानावयास आधार नाही. एका ठिकाणी राज्याची सोय माणसाला ठेवून घेण्यात होती, दुसऱ्या ठिकाणी ती त्याला सोपवून देण्यात होती, एवढाच तो फरक. माणसाचे जगणे-मरणे राज्याच्या सोयीवर टांगलेले असू नये, या जाणिवेतून निर्वासितांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय कायदा जन्मला; आणि ज्या ज्या वेळी राज्ये त्या कायद्याला बगल देतात, त्या त्या वेळी ती त्याच सोयीच्या राज्यकारभाराकडे परततात, हे मला या लेखात मांडावयाचे आहे.

या कायद्याची पहिली पावले रशियन क्रांतीनंतर पडली. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने नॉर्वेचे ध्रुवप्रवासी फ्रित्यॉफ नान्सेन यांना निर्वासितांचे उच्चायुक्त नेमले, आणि ज्यांचे राज्यच त्यांना आपले म्हणेनासे झाले होते अशा लोकांसाठी १९२२ पासून प्रवासाचा एक दाखला सुरू झाला, तो 'नान्सेन पासपोर्ट' या नावाने प्रसिद्ध आहे. पण दाखला असणे वेगळे आणि दार उघडणे वेगळे. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ राष्ट्रांचे प्रतिनिधी जर्मनी व ऑस्ट्रियातील ज्यूंचा विचार करण्यास जमले, एकामागून एक उठून त्यांनी सहानुभूती व्यक्त केली, आणि डोमिनिकन प्रजासत्ताकाचा अपवाद सोडला तर कोणीही लक्षणीय संख्येने माणसे घेण्याची तयारी दाखविली नाही. पुढल्याच वर्षी ९३७ प्रवाशांना घेऊन हॅम्बुर्गहून निघालेले 'सेंट लुइस' हे जहाज हवानाच्या बंदरातून परतविले गेले, अमेरिकेच्या किनाऱ्यावरील दिवे दिसत असताना त्याला तेथेही उतरू दिले नाही, आणि अखेर ते युरोपला माघारी आले. त्यांतील अडीचशेहून अधिक माणसे पुढे नाझींच्या संहारात मेली.

२८ जुलै १९५१ रोजी जिनीव्हा येथे संमत झालेला निर्वासितविषयक करार हा या लज्जेचा परिणाम होय. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटातील समावेश किंवा राजकीय मत यांपैकी कोणत्याही कारणाने छळ होण्याचे सुप्रतिष्ठित भय असल्यामुळे जो स्वदेशाबाहेर आहे आणि त्या देशाचे संरक्षण घेऊ शकत नाही वा इच्छित नाही तो निर्वासित, अशी व्याख्या त्याने केली. मुळात ही व्याख्या १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरती होती आणि ती युरोपपुरती मर्यादित ठेवण्याचीही राष्ट्रांना मुभा होती. १९६७ च्या पूरक कराराने काळाची अट काढून टाकली आणि स्थळाच्या मर्यादेलाही नव्याने थारा दिला नाही. आफ्रिकेतील राष्ट्रांनी १९६९ मध्ये आपला स्वतंत्र करार करून परकीय आक्रमण आणि सार्वजनिक व्यवस्थेचा विध्वंस यांमुळे पळालेल्यांनाही त्यात घेतले, आणि माझ्या मते जिनीव्हाच्या व्याख्येपेक्षा ही व्याख्या आजच्या जगाला अधिक लागू पडते.

मूळ कराराचा प्राण म्हणजे त्याचे ३३ वे कलम. ज्या मुलुखात निर्वासिताच्या जीविताला वा स्वातंत्र्याला वरील कारणांनी धोका आहे त्या मुलुखाच्या सरहद्दीवर त्याला कोणत्याही रीतीने परत लोटता येणार नाही, हे अप्रत्यावर्तनाचे तत्त्व त्या कलमात ग्रथित झाले आहे. ३१ वे कलम सांगते, की जीव वाचविण्यासाठी जो थेट धोक्याच्या जागेहून परवान्याशिवाय आला आणि ज्याने विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन कारण सांगितले, त्याला त्या प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये. कारण ज्याचे सरकारच त्याच्या जिवावर उठले आहे त्याने त्याच सरकारच्या कचेरीत पासपोर्टसाठी अर्ज करावा, ही अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शिवाय निर्वासिताचा दर्जा राज्याने बहाल केल्यामुळे उत्पन्न होत नाही. व्याख्येतील परिस्थिती ज्याच्यावर ओढवली तो त्या क्षणीच निर्वासित असतो, आणि राज्याचा निर्णय ही गोष्ट फक्त जाहीर करतो, असे या कायद्याचे जाणकार मानतात. ही बाब दिसते तितकी सूक्ष्म नाही. तिचा अर्थ असा, की तपास पूर्ण होईपर्यंत प्रत्येक अर्जदाराला कदाचित खरा निर्वासित समजूनच वागविले पाहिजे.

इतके असूनही या इमारतीला एक मोठे खिंडार आहे, आणि ते आरंभापासून आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे १४ वे कलम छळातून सुटण्यासाठी इतर देशांत आश्रय शोधण्याचा आणि तो उपभोगण्याचा हक्क देते. तो देण्याचे बंधन मात्र कोणत्याही राज्यावर घालत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९७७ मध्ये जिनीव्हा येथे परिषद भरली आणि ती निष्फळ होऊन उठली. म्हणजे मागणाऱ्याला मागण्याचा हक्क आहे आणि देणाऱ्यावर देण्याचे ऋण नाही. सार्वभौम राज्याने आपल्या दाराची किल्ली स्वतःच्या हाती ठेवली, आणि आज जगभर जे चालले आहे ते या किल्लीचेच राजकारण आहे.

यावर राज्याच्या बाजूने एक उत्तर नेहमी दिले जाते: कोणाला आत घ्यावे हे ठरविणे हा सार्वभौमत्वाचा गाभा आहे आणि आश्रय ही त्यातून निघणारी उदारता आहे. मला हे उत्तर मुळातच सदोष वाटते. पृथ्वीवरील वसण्याजोगी सारी जमीन आज कोणत्या ना कोणत्या राज्याच्या सनदेखाली आहे. पूर्वी एखाद्या राजाच्या जुलमाला कंटाळलेली रयत रान तोडून नवे गाव वसवू शके. राज्यांच्या हद्दी पुसट होत्या, आणि दोन हद्दींच्या मधे कोणाचीच नसलेली भूमी असे. ती भूमी आता उरलेली नाही. राज्यांनी मिळून सगळी पृथ्वी वाटून घेतली आणि एकमेकांच्या वाटणीला मान्यता दिली. तेव्हा एका राज्याने ज्याला हाकलले त्याला दुसऱ्या कोणत्या तरी राज्याच्या हद्दीत पाऊल ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, ही स्थिती त्या माणसाने निर्माण केलेली नसून राज्यांच्या या सामुदायिक व्यवस्थेने निर्माण केलेली आहे. ज्या व्यवस्थेमुळे राज्याला दार बंद करण्याचा अधिकार मिळाला, त्याच व्यवस्थेने बेघर केलेल्या माणसाची जबाबदारी त्या अधिकारासोबत आली. म्हणून आश्रय हे सार्वभौमत्वावरचे ऋण आहे, आणि ऋण फेडणाराने आपण दान करतो असे म्हणू नये.

हे ऋण नाकारण्यात सर्वांत पुढे कोण आहेत हे पाहिले तर जिनीव्हा करार किंवा त्याचा पूरक करार स्वीकारणारी संपन्न राष्ट्रेच दिसतात. हैतीहून निघालेल्या होड्या भर समुद्रात अडवून माघारी धाडण्यास ३३ वे कलम आड येत नाही, कारण ते कलम आपल्या भूमीवर पोहोचलेल्यांपुरते आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ठरविले. २००१ मध्ये 'टाम्पा' या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या नौकेतून वाचविलेल्या ४३३ माणसांना ऑस्ट्रेलियाने किनाऱ्यावर उतरू दिले नाही आणि तेव्हापासून नाउरूसारख्या दूरच्या बेटांवर आश्रितांना ठेवण्याचा शिरस्ता पाडला. ब्रिटनने आश्रितांना र्‍वांडात धाडण्याची योजना आखली. ती बेकायदा असल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने मात्र २०१२ मध्ये इटलीविरुद्ध निवाडा देताना स्पष्ट केले, की राज्याचा अंमल जेथे चालतो तेथे त्याचे कर्तव्यही चालते, मग ती जागा भूमी असो वा भर समुद्रातील जहाजाची फळी असो. याच युरोपने मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या लोकांसाठी, २००१ पासून कधीही न वापरलेला तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा अमलात आणला आणि लक्षावधी माणसांना व्यक्तिगत तपासणीशिवाय निवास, काम आणि शाळा यांचा हक्क दिला. म्हणजे शक्ती होती. वानवा इच्छेची होती. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या आकड्यांप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगात सक्तीने विस्थापित झालेल्यांची संख्या १२ कोटी ३२ लक्ष होती, आणि ज्यांनी सरहद्द ओलांडली त्यांपैकी सुमारे ७३ टक्के लोकांना अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांनी ठेवून घेतले होते.

आता आपल्या घराकडे वळले पाहिजे. भारताने १९५१ च्या करारावर किंवा १९६७ च्या पूरक करारावर आजतागायत स्वाक्षरी केलेली नाही. याची कारणे क्षुल्लक नव्हती. १९५१ च्या जिनीव्हा परिषदेत २६ राष्ट्रे बसली होती, त्यांत भारत नव्हता. फाळणीने उखडलेल्या कोट्यवधी माणसांचा विचार त्या करारात कोठेही झालेला नव्हता. आणि १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून जवळजवळ एक कोटी माणसे आली तेव्हा त्या ओझ्याचा फार मोठा भाग भारताला एकट्याने वाहावा लागला. ज्यांचे वय तेवढे आहे त्यांना त्या काळी टपालावर चिकटवावे लागणारे पाच पैशांचे 'निर्वासित साहाय्य' तिकीट आठवत असेल. गरीब देशाने आपल्या पत्रांवर कर बसवून शेजाऱ्याला जेवू घातले, ही गोष्ट कोणत्याही राष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. १९५९ मध्ये तिबेटी आले, १९६४ मध्ये चितगावच्या डोंगरांतून चकमा आले, १९८३ नंतर श्रीलंकेतील तमिळ आले, आणि करारावर सही नसताना भारताने या सर्वांना आसरा दिला. तेव्हा सही करणारे सगळे साधू आणि न करणारे सगळे निष्ठुर, असा हिशेब मांडणे अन्यायाचे होईल.

परंतु भारताने जे दिले ते कृपा म्हणून दिले, हक्क म्हणून नव्हे. आणि कृपेचा स्वभाव असा की ती माणूस पाहून वागते. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तेथील शेती, मठ आणि हिवाळ्यात गावोगाव स्वेटर विकण्यास निघणारी कुटुंबे विदर्भाला परिचित आहेत. या माणसाजवळ नोंदणीची वही असते, तिची मुदत संपली की नव्याने शिक्का घ्यावा लागतो, आणि परदेशी जावयाचे तर निराळे ओळखपत्र मिळवावे लागते. तथापि उद्या त्याला चीनच्या हवाली केले जाईल ही भीती त्याच्या मनात नाही. याच देशात रोहिंग्या माणसाजवळ उच्चायुक्तांच्या कचेरीचे ओळखपत्र असले, तरी सरकारच्या लेखी तो बेकायदा घुसलेला परकीय असतो. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, आणि जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्यांच्या संरक्षणासाठी म्यानमारला अंतरिम आदेश दिले, तरीही त्यांच्या भयाला दाद देण्यास आपल्याकडे कायद्याची जागा नाही. या दोघांत भयाचे प्रमाण निराळे आहे काय? निराळे आहे ते दिल्लीच्या दृष्टीने त्यांचे राजकीय मोल. वळिवडे आणि लिएन्झ यांच्यातील अंतर येथे एकाच राज्याच्या हद्दीत आलेले दिसते.

न्यायालयांनी ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताचे संरक्षण नागरिकांपुरते नसून प्रत्येक व्यक्तीला आहे असे सांगून राज्य सरकारला त्यांच्या रक्षणाचा आदेश दिला. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर सीमा ओलांडून आलेल्या सात जणांना दिल्लीस उच्चायुक्तांकडे जाण्याची मोकळीक मणिपूर उच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये दिली, आणि अप्रत्यावर्तनाचे तत्त्व याच अनुच्छेदात वाचता येते असे मत दिले. मात्र त्याच वर्षी ८ एप्रिल रोजी, जम्मूमध्ये ताब्यात घेतलेल्या रोहिंग्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला. हद्दपार न होण्याचा हक्क हा देशात कोठेही राहण्याच्या हक्काचा आनुषंगिक असून तो १९ व्या अनुच्छेदाप्रमाणे नागरिकांनाच आहे, म्हणून विहित पद्धतीने पाठवणी करण्यास हरकत नाही, असे त्या आदेशाचे तात्पर्य होते.

न्यायासनाविषयी पूर्ण आदर बाळगूनही हा तर्क मला पटत नाही. देशात वास्तव्य करण्याचा हक्क आणि मृत्यूच्या दारात नेऊन न सोडले जाण्याचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेटलेल्या घरातून धावत शेजारच्या ओसरीवर आलेला माणूस त्या घरावर मालकी सांगत नाही. पुन्हा आगीत ढकलू नका एवढेच तो म्हणतो. अशा माणसाला भारताने तिसऱ्या सुरक्षित देशात पाठवावे, छावणीत ठेवावे, त्याच्यावर निर्बंध घालावेत, हे सारे १९ व्या अनुच्छेदाच्या कक्षेत चर्चिता येईल. परंतु जेथे त्याचा वध होण्याचा संभव आहे तेथेच त्याला पोहोचविणे हा प्रश्न निखळ जीविताचा, म्हणजे २१ व्या अनुच्छेदाचा आहे, आणि तो अनुच्छेद नागरिक व परकीय असा भेद करीत नाही. भारताने १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आहे आणि घटनेचा ५१ वा अनुच्छेद आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर वृद्धिंगत करण्यास राज्याला सांगतो; तेव्हा जिनीव्हा करारावर सही नाही एवढ्याने विषय मिटत नाही.

कृपेचा दुसरा दोष २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात दिसतो. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि बांगलादेश येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाची वाट सुकर करण्यात आली. त्या लोकांना दिलासा मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे; त्यांचा छळ खरा होता. पण पाकिस्तानातील अहमदियांचा छळ, अफगाणिस्तानातील हजारा लोकांचा छळ, श्रीलंकेतून आलेल्या आणि तमिळनाडूच्या छावण्यांत चाळीस वर्षे काढलेल्या तमिळांचा छळ, हा कमी खरा कसा? निर्वासित कायदा माणसाला विचारतो, की तू कशापासून पळालास. तू कोणाची प्रार्थना करतोस हा प्रश्न तो छळाचे कारण शोधण्यापुरताच विचारतो. या दुसऱ्या प्रश्नाला दाराचा निकष केले, की जो छळ थांबवावयाचा त्याचेच माप घेऊन आपण माणसे निवडू लागतो.

या मताला विरोध करणाऱ्यांचे सर्वांत प्रबळ म्हणणे सुरक्षिततेचे आणि संख्येचे आहे, आणि ते टाळून चालणार नाही. सुरक्षिततेविषयी मला एवढेच म्हणावयाचे आहे, की जिनीव्हा करार भोळा नाही. युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे अपराध किंवा गंभीर अराजकीय गुन्हे केलेल्यांना तो व्याख्येतूनच वगळतो. आणि जो यजमान देशाच्या सुरक्षिततेला धोका आहे, किंवा अत्यंत गंभीर अपराधासाठी दोषी ठरून समाजाला घातक ठरला आहे, त्याला ३३ व्या कलमाचा आधार घेता येत नाही. अपराधी कोण हे ओळखावयाचे तर प्रत्येकाची नोंद, मुलाखत आणि चौकशी करावी लागेल, आणि ते काम कायद्याने नेमलेल्या यंत्रणेखेरीज नीट होत नाही. ज्याला हद्दपारीची धास्ती आहे तो पोलिसांसमोर येत नाही. ज्याला न्यायाची आशा आहे तो स्वतःहून आपले नाव लिहवितो.

संख्येचे गाऱ्हाणे मात्र खरे आहे. या बाबतीत आंतरराष्ट्रीय कायदा दुर्बळ आहे आणि डिसेंबर २०१८ मध्ये संमत झालेल्या जागतिक निर्वासित संहितेनेही कोणावर बंधन घातले नाही. माझे मत असे, की समीपतेमुळे परत न लोटण्याचे कर्तव्य येते आणि सामर्थ्यामुळे भार वाटून घेण्याचे. पहिले कर्तव्य शेजाऱ्याचे, दुसरे साऱ्या जगाचे. संपन्न राष्ट्रे दुसरे कर्तव्य पाळीत नाहीत म्हणून शेजाऱ्याने पहिले सोडावे, असे म्हणता येणार नाही, कारण मधल्यामध्ये मरतो तो तिसराच. मिझोरमकडे पाहावे. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने ईशान्येकडील राज्यांना कळविले, की म्यानमारमधून येणारा लोंढा थांबवा, निर्वासित हा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही. मिझोरमच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून या लोकांना माघारी धाडता येणार नाही असे कळविले, आणि त्या छोट्या डोंगरी राज्यातील गावांनी म्यानमारच्या चिन लोकांना आपल्या घरांत आणि शाळांत जागा दिली. त्यांच्यात रक्ताचे नाते होते हे खरे. ज्यांच्याशी आपले रक्ताचे नाते नाही त्यांच्यासाठीच कायदा लागतो.

आपल्या परंपरेत शरणागताच्या रक्षणाची उदाहरणे पुष्कळ आहेत. कपोतासाठी स्वतःचे मांस तोडून देणाऱ्या शिबीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि प्रत्येक भाषणात तिचा उल्लेख होतो. मला त्या कथेपेक्षा आपल्याच इतिहासातील एक साधी कारभारी रीत अधिक उपयोगाची वाटते. लढाईच्या धामधुमीने किंवा दुष्काळाने परागंदा झालेल्या रयतेला पुन्हा वस्तीस बोलावताना मराठी राज्यात कौल दिला जाई: अमुक वर्षे सारा कमी घेऊ, मागील बाकीसाठी तगादा लावणार नाही, जिवाला व मालाला अभय आहे, असे लेखी आश्वासन. शिबीचे औदार्य शिबीबरोबर संपते. कौलाचा कागद हाती असला म्हणजे नव्या अंमलदारापुढे उभे राहण्यास रयतेला आधार असे. निर्वासिताला आज हवा आहे तो असा कौल.

तो देण्याची संधी नुकतीच आली होती. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे रद्द करून संसदेने २०२५ मध्ये परकीयांच्या आगमनाविषयी आणि वास्तव्याविषयी एक नवा कायदा केला आणि तो १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. त्यात निर्वासिताची व्याख्या नाही. तिबेटी, श्रीलंकेतील नोंदणीकृत तमिळ आणि तीन शेजारी देशांतील अल्पसंख्य यांना शासकीय आदेशाने ठरावीक तारखांपर्यंत सूट देण्यात आली. म्हणजे पूर्वीचीच कृपा नव्या दफ्तरात नोंदली गेली, आणि जी आदेशाने मिळाली ती आदेशानेच जाऊ शकते. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निर्वासितांसाठी आदर्श कायद्याचा मसुदा १९९० च्या दशकातच सिद्ध केला होता. २०१५ मध्ये लोकसभेत खासगी विधेयकही आले होते. आणि कामाला लागावयाचे तर कोऱ्या कागदापासून आरंभ करण्याची गरज नाही. छळाच्या जागी परत न लोटण्याचे स्पष्ट बंधन. अर्ज ऐकणारा स्वतंत्र अधिकारी व त्याच्या निर्णयावर अपील. निकाल लागेपर्यंत काम करण्याची आणि मुलांना शाळेत घालण्याची मुभा. आणि १९७१ सारखा लोंढा आला तर सामुदायिक तात्पुरत्या संरक्षणाची तरतूद, एवढे त्यात असले म्हणजे पुष्कळ झाले. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही; साध्या बहुमताने होणारे हे काम आहे. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य बसतात. वाचकांनी आपापल्या सदस्याला पत्र लिहून, २०२५ च्या कायद्यात निर्वासितांविषयीच्या प्रकरणाची भर घालणारी दुरुस्ती मांडण्याचा आग्रह धरावा, ही माझी विनंती आहे.